पणजीत खोली कुठं घ्यावी? मळा, सांतिनेज, ताळगाव, रायबंदर... राहून आणि फिरून आलेला अनुभव

ताईची मुलगी पाटोला, म्हणजे पणजीच्या बसस्टँडजवळच्या ऑफिसांच्या भागात, एका ऑफिसात नोकरीला लागली, तिच्यासाठी खोली बघायची म्हणून मी आणि भाऊजींनी मागचे दोन रविवार अख्खी पणजी पालथी घातली. मी मूळची कुडाळची, पण पणजीत अकरा वर्षं झाली आणि त्यात चार ठिकाणी भाड्यानं राहिले, आधी मळा, मग ताळगाव, मग थोडे महिने रायबंदर, आता सांतिनेज. सावंतवाडी, कुडाळ, बेळगावकडून दरवर्षी कितीतरी मुली इथं नोकरीला येतात आणि प्रत्येकीच्या घरचे पहिला प्रश्न तोच विचारतात, "एरिया सेफ आहे ना?" एजंट म्हणतो एकदम सेफ, गेटेड आहे, आणि विषय तिथंच संपतो. म्हणून मला जे माहीत आहे ते सगळं इथं टाकते, कुणाच्या तरी मुलीला उपयोगी पडेल.

पणजी तशी केवढीशी. २०११च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत जेमतेम ४० हजार माणसं होती, मळ्यातून चालायला लागलात तर तासाभरात मिरामारच्या किनाऱ्यावर पोचाल. पण त्या तासाभराच्या वाटेत पाच-सहा वेगळ्या स्वभावाचे भाग लागतात आणि एकाची गोष्ट दुसऱ्याला लागू पडत नाही.

भाऊजी प्रत्येक ठिकाणी गेट, वॉचमन आणि कॅमेरे मोजत होते. मी मोजत होते दिवे. रात्री नऊनंतर त्या बिल्डिंगीत, त्या रस्त्यावर किती घरांत दिवा असतो, म्हणजे खरंच माणसं राहतात का. हे मी कुठं वाचून ठरवलेलं नाही, ताळगावात राहून शिकले.

ताळगावची ती बिल्डिंग नवीन होती, पाच मजली, २४ फ्लॅट, खाली गेट, गेटवर वॉचमन, आठ कॅमेरे. बघताक्षणी आवडली होती. राहायला गेल्यावर कळलं की २४ पैकी कायमचे राहणारे सातच, बाकी सगळे मुंबई, दिल्ली, बंगळूरवाल्यांचे, डिसेंबरात आठ-दहा दिवस उघडणार आणि मग वर्षभर कुलूप. जुलैचा महिना, रात्रीचे सव्वानऊ, बाहेर धो धो पाऊस, मी लिफ्टमध्ये शिरले आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लाइट गेली. जनरेटर सुरू झालाच नाही. मोबाइलला रेंज नाही. अलार्मचं बटण दाबलं तर खाली कुठंतरी बारीक वाजत होतं, पण वॉचमन गेटवरच्या केबिनमध्ये आणि केबिनवर पत्रा, त्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना त्याला काय ऐकू येणार. मी दार बडवलं, ओरडले, घसा बसला. तिसऱ्या मजल्यावरचे चारही फ्लॅट बंद, चौथ्यावर माझा सोडला तर सगळे बंद. मी ज्या दारांकडं बघून ओरडत होते त्या दारांमागं माणूसच नव्हता. चाळीस मिनिटांनी पाचव्या मजल्यावरचे एक रिटायर्ड काका मीटर बघायला टॉर्च घेऊन जिन्यानं खाली उतरत होते, त्यांना आवाज गेला. त्या दिवशी त्यांनाही आळस आला असता तर? कॅमेरे आठच्या आठ जागेवर होते, त्यातल्या एकानंही मला बाहेर काढलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात मी खोली सोडली.

ताळगाव वाईट आहे असं मात्र अजिबात नाही, हे नीट समजून घ्या. जुनं ताळगाव, चर्चच्या आजूबाजूचं, शेताच्या कडेचं, ते आजही गाव आहे, कारभार अजून पंचायतीचा, २१ ऑगस्टला तिथं नव्या कणसांचं फेस्त होतं, आणि ताळगावची ती मोठाली वांगी एकदा खाल्लीत तर दुसरी आवडणार नाहीत. त्या जुन्या वाड्यांत रात्री अकरालाही कुणी ना कुणी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसलेलं असतं. तिथं कुणाच्या घराच्या वरची खोली मिळाली तर डोळे झाकून घ्या. अडचण आहे ती शेतं भरून उभ्या राहिलेल्या नवीन बिल्डिंगींची. तेच करंजाळ्याच्या आतल्या भागात आणि दोनापावलाला तर त्याहून जास्त. दोनापावला दिसायला सुंदर, वारा, समुद्र, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, सगळं आहे, पण संध्याकाळी पर्यटक जेटीवरून निघून गेले की आतल्या रस्त्यांवर बंगल्यांच्या भिंती आणि कुत्री, बाकी काही नाही. आम्ही साडेआठला तिथं एक खोली बघायला गेलो तेव्हा मुख्य रस्त्यापासून घरापर्यंत सात-आठ मिनिटं चाललो आणि वाटेत एकही माणूस भेटला नाही. भाची हळूच म्हणाली, "मावशी, इथं नको." भाऊजी तेव्हा पहिल्यांदा काही बोलले नाहीत.

आता मळा. मळ्यात मी पहिली चार वर्षं राहिले, त्यामुळं त्याच्याबद्दल जरा जास्त लिहिणार. आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याला, वर मारुतीचं देऊळ, खाली जुनी कौलारू घरं एकमेकांना चिकटून, गल्लीत दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकानं पाय टेकायचाच. माझी खोली पहिल्या मजल्यावर होती आणि समोरच्या घरात तळमजल्याच्या खिडकीत एक म्हाताऱ्या आंटी बसायच्या, खिडकीला जुनी लाकडी झडप, अर्धी उघडी, हातात पेपरचा पंखा. मी कधी ऑफिसातून नऊला आले की आतून आवाज यायचा, "आयज कळाव जालो गो?" म्हणजे आज उशीर झाला का गं. सुरुवातीला मला वैताग यायचा, वाटायचं ह्यांना काय करायचंय. मग एकदा मी स्कूटरची चावी स्कूटरलाच विसरले, सकाळी खाली येऊन बघते तर चावी नाही, पोटात गोळा आला, आणि आंटींच्या खिडकीच्या खिळ्याला ती चावी पिवळा दोरा बांधून लटकवलेली. रात्री बाराला त्यांनी लेकाला पाठवून काढून आणली होती. त्यानंतर कधी कळाव जाला तर मी स्वतःच खिडकीपाशी थांबून सांगायचे कुठं होते ते. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा, संध्याकाळी परत पोदेर, देवळाची घंटा, पोरांचा क्रिकेट, दिवसभर गल्लीत कोण आलं कोण गेलं हे दहा घरांना माहीत. अनोळखी माणूस दोनदा फेऱ्या मारून गेला तर तिसऱ्यांदा कुणीतरी विचारणारच, "कोण जाय?", म्हणजे कोण हवंय. मुलींना ह्या चौकश्यांचा त्रास होतो हे मला मान्य आहे, मित्र घरी आला तरी दहा डोळे बघतात, आणि ज्यांना ते चालत नाही त्यांनी मळ्यात जाऊ नये.

मळ्याची खरी भीती वेगळी, पाणी. हा भाग सखल, बाजूला रुआ द ओरेची खाडी, आणि भरतीच्या वेळेलाच जोराचा पाऊस आला की गटारातलं पाणी खाडीत जायच्या ऐवजी उलटं गल्लीत येतं. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून-जुलैत. माझ्यासमोर दोन वेळा तळमजल्याच्या लोकांनी फ्रिज टेबलावर चढवलाय. म्हणून मळ्यात, पोर्तेशकडं किंवा सांतिनेजच्या सखल भागात खोली बघायला गेलात तर एजंटला पाणी येतं का म्हणून विचारू नका, तो नाहीच म्हणणार. विजेच्या मीटरची पेटी किती उंचीवर बसवलीय ते बघा, छातीच्याही वर असली तर समजून जा. भिंतीचा खालचा रंग वरच्या रंगापेक्षा नवा आहे का बघा. आणि शेजारच्या घरात जाऊन विचारा, शेजारी खरं सांगतात.

मळ्याला लागूनच फोंताइन्हास. सगळ्यांना फोटोतून माहीत आहे, निळी-पिवळी-लाल घरं. राहायला म्हणून माझं मत नको असंच आहे. बिचाऱ्या रहिवाशांच्या दारात, पायरीवर, खिडकीशी दिवसभर फोटो चालतात, लग्नाआधीचे फोटो काढणारे तर कपडे बदलायच्या बॅगा घेऊन येतात, लोकांनी शेवटी घरांवर पाट्या लावल्या. वर घरंही आता पाहुण्यांना रोजच्या भाड्यानं देतात, म्हणजे शेजारी दर तीन दिवसांनी बदलणार. मग ओळख कुणाशी ठेवायची?

आल्तिनोवर आमच्या बजेटमध्ये काही नव्हतं, सरकारी बंगले, बिशप पॅलेस, आकाशवाणी, पोलीस बंदोबस्त असतो, शांत आणि हिरवंगार. खाली उतरायच्या जुन्या पायऱ्या मात्र रात्री एकटीनं वापरू नका, दिवे अधूनमधून बंद असतात आणि पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मी एकदा घसरलेय, मनगट महिनाभर प्लास्टरमध्ये होतं.

सांतिनेज, जिथं मी आता आहे. इथं सौंदर्य वगैरे शोधू नका. नाला आहे, एप्रिल-मेमध्ये त्याचा वास येतो, स्मार्ट सिटीच्या कामात रस्ते इतक्या वेळा खोदले की पावसाळ्यात कुठं खड्डा आणि कुठं नुसतं डबकं ते कळायचं नाही, पार्किंगसाठी रोज भांडणं. पण रात्री साडेनऊपर्यंत दुकानं उघडी, फार्मसी, भाजी, छोटी हॉटेलं, दवाखाने, सगळं पायाखाली. अठरा जून रस्ता दहा मिनिटांवर. माझ्या बिल्डिंगीत १६ फ्लॅट आणि सोळाच्या सोळा राहते, संध्याकाळी जिन्यात फोडणीचा वास येतो, कुणाकडं हुमण, कुणाकडं सांबार, आणि मला तेच हवं असतं. गेट नाही, वॉचमन नाही.

इथंच एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. इथल्या कामराभाट वस्तीचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, एजंट तर हळू आवाजात "त्या साइडला नको हां मॅडम" म्हणतो. त्या वस्तीच्या कडेनं मी सहा वर्षं रोज रात्री जाते-येते. तिथं बायका दारात बसून मासे साफ करत असतात, मुलं अभ्यास करतात, गाडेवाले माल आवरत असतात, आणि माझी स्कूटर एकदा भर पावसात तिथंच बंद पडली तेव्हा दोन पोरांनी प्लग काढून पुसून दिला आणि पैसे घेतले नाहीत. मारामाऱ्या होतच नाहीत असं मी म्हणणार नाही, पण घरं लहान आणि माणसं गरीब आहेत एवढ्यावरून जागा धोकादायक ठरवणं हा अन्याय आहे, आणि असल्या कुजबुजीवर विश्वास ठेवून मुली कुलपं लावलेल्या बिल्डिंगीत जाऊन राहतात त्याचं मला फार वाईट वाटतं.

कांपाल आणि मिरामार. पैसे असतील तर ह्याच्यासारखं दुसरं नाही. कांपालला मोठी झाडं, कला अकादमी, चालायला रुंद फूटपाथ, पहाटे पाचपासून म्हातारी माणसं फिरायला बाहेर. नदीकडच्या रस्त्यावर कॅसिनोंमुळं रात्रभर वर्दळ आणि उजेड असतो, पण ती वर्दळ ओळखीच्या माणसांची नव्हे, त्यामुळं तिचा आधार वाटत नाही, उलट शनिवारी रात्री गाड्या सुसाट असतात. मिरामारच्या किनाऱ्यावर अंधार पडल्यावर एकटीनं बसू नये. उघड्यावर दारू प्यायला दंड आहे तरी रविवारी सकाळी वाळूत बाटल्यांच्या काचा सापडतातच, चप्पल काढू नका. आम्हाला सांगितलेलं भाडं एका बेडरूमला २६ हजार होतं, भाऊजींनी हात जोडले.

रायबंदर माझं लाडकं आहे. पणजी महापालिकेतच येतं पण वातावरण गावाचं, नदीला लागून एकच रस्ता, चोडणची फेरी, जुनी घरं, मासे दारात. माणसं जीव लावणारी, मी आजारी होते तेव्हा घरमालकीण वहिनी तीन दिवस पेज आणून देत होत्या. मग सोडलं का? त्या रस्त्यामुळं. पाटोवरून रायबंदरला जाणारा तो सेतू पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधला, जवळजवळ तीन किलोमीटर लांब, आणि आजही आपण त्यावरूनच जातो. दिवसा स्वर्ग, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी. पण पावसाळ्यात रात्री स्कूटरवर आडवा वारा, अरुंद रस्ता, समोरून गाडीचा हाय बीम डोळ्यांत, आणि मध्ये कुठं थांबायला आडोसा नाही. माझ्या मते गोव्यात मुलीला चोरापेक्षा रस्त्याचा धोका जास्त आहे, आणि एरिया सेफ आहे का विचारताना आपण रस्त्याचं विचारतच नाही. कार असेल किंवा ऑफिस सहाला सुटत असेल तर रायबंदर घ्या, दुसरीकडं बघूसुद्धा नका.

मांडवीपलीकडची पर्वरी आम्ही सगळ्यात शेवटी बघितली. भाऊजींना ती आवडली होती, पूल ओलांडला की पाटो, बसस्टँड समोरच, म्हापशाच्या बस सारख्या चालू, वर गोमंतक मराठी अकादमीचं भवन तिथंच म्हणून कार्यक्रमांना जायची सोय. पण हायवेवर उड्डाणमार्गाचं काम सुरू झाल्यापासून तिथं धूळ, वळणं, आज रस्ता इथून तर उद्या तिथून, आणि पायी हायवे ओलांडणं म्हणजे जीव मुठीत धरून पळायचं. स्कूटर असेल तर हेही लक्षात ठेवा की मांडवीवरच्या नव्या अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, जुन्या पुलांवरूनच यायचं. हायवेपासून आत, जुन्या वाड्यांकडं चांगली घरं आहेत, तिथं परत तेच, दिवे मोजा.

बसचं थोडं. शहरात कदंबच्या इलेक्ट्रिक बस आल्यापासून बरं झालंय, पण आठनंतर गोव्यात बसच्या भरवशावर राहू नका, कुठल्याही भागात. पायलट म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, पिवळ्या मडगार्डची, स्टँडवरच्या पायलटांना पाटोला सगळे ओळखतात आणि एकाच स्टँडवरून रोज गेलात की ते तुम्हालाही ओळखायला लागतात. भाचीला मी पहिल्या दिवशी तिथं नेऊन उभी केली आणि सांगितलं, "ही माझी भाची, नवीन आहे." ११२ नंबर तर फोनमध्ये हवाच.

पाण्याबद्दलही विचारा, प्यायच्या. पणजीला पाणी ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राहून येतं, २०१९च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ पाइपलाइन फुटली तेव्हा कित्येक दिवस नळ कोरडे होते. तेव्हा मी रायबंदरला होते, वाड्यावरच्या एका विहिरीवर सगळ्यांची रांग लागली आणि विहीरवाल्यांनी कुणाला नाही म्हटलं नाही. माझी मैत्रीण नव्या कॉम्प्लेक्समध्ये टँकरची वाट बघत होती.

शेवटी खोली कुठं घेतली? मळ्यात, पण खाली नव्हे, चढावर, आल्तिनोच्या पायऱ्यांच्या अलीकडं, पहिला मजला, खाली घरमालकीण काकी, मुलगा आणि सून राहतात. भाडं १२ हजार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. पाटो चालत पंधरा मिनिटं, सगळी वाट दुकानांच्या नाहीतर राहत्या घरांच्या समोरून. आम्ही मुद्दाम रात्री पावणेदहाला परत एकदा ती वाट चाललो, भाऊजीही दिवे मोजत होते, एकोणतीस निघाले. घरात गेट नाही म्हणून ते जरा कुरकुरले, तेव्हा काकी म्हणाल्या, "गेट कित्याक, हांव आसा न्हय." गेट कशाला, मी आहे ना.

भाडेकरूची माहिती पोलीस स्टेशनला द्यायची असते, तो फॉर्म काकींच्या मुलानं स्वतःहून पुढं केला, आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो घेतले आणि सोमवारी भरूनही टाकला. जो घरमालक ह्याला "काय गरज आहे" म्हणतो तिथून सरळ उठून या. करारात बाकी सगळं होतं, लाइट बिल, रंग, पाहुणे किती दिवस. स्कूटर जूनपासून खालच्या गल्लीत न लावता चढावर देवळाकडं लावायची, हे मात्र काकींनी तोंडी सांगितलं आणि भाचीला बरोबर नेऊन, कुठल्या झाडाखाली लावायची ती जागाही दाखवली.